अभिप्रायार्थ, दोन प्रती

मी वर्तमानपत्रात काम करते हे कळलं की लग्नात, बारशाला, लोकलच्या ग्रुपमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असायचा : ‘‘म्हणजे पुस्तकं फुकट मिळत असतील ना?’’ मिळायची. भरपूर मिळायची. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मग एक हेवा उमटायचा, आणि त्या नोकरीत हेवा वाटावा असं दुसरं फारसं काही नसल्यामुळे मीही तो अंगाला लावून घ्यायची.

वर्तमानपत्रात प्रत्येक डेस्कची आपापली चंगळ असते. क्रीडावाल्यांना सामन्यांचे पास. सिनेमावाल्यांना खेळांची आमंत्रणं, वर समोसा-कॉफी. अर्थपानवाले पत्रकार परिषदेहून परतले की हातात नवी बॅग, बॅगेत डायरी, डायरीत पेन. आम्ही रविवार पुरवणीवाले, म्हणून आमच्या वाट्याला पुस्तकं. ऑफिसात याला चंगळ मानायला कुणी तयार नव्हतं. ‘‘घेऊन जा गं, जागा तरी होईल,’’ असं म्हणत लोक ती उदार मनाने माझ्याकडे सरकवायचे.

पुस्तकं बहुतेक टपालाने यायची. साधं बुक पोस्ट ज्यांनी हाताळलंय त्यांना माहीत असेल, पाकीट चिकटवून पूर्ण बंद करायचं नसायचं. आत फक्त छापील मजकूर आहे हे टपालखात्याला उघडून बघता आलं पाहिजे, म्हणूनच ते स्वस्त. एका बाजूने उघडं, सुतळीने बांधलेलं, ओल्या दिवसांत एक कोपरा भिजलेलं असं ते पाकीट टेबलावर आपटलं जायचं. आत खाजगी पत्र घालायला मनाई असायची. तरी लेखक घालायचेच, मलपृष्ठाच्या आत किंवा चौथ्या-पाचव्या पानात घडी करून. ‘मा. संपादक महोदय, सविनय सादर...’ या पत्रांमध्ये लेखकाचं वय, निवृत्तीचं साल, पुस्तक कुणाच्या आग्रहावरून लिहिलं आणि त्याला कोणत्या मान्यवरांनी नावाजलं हे सगळं असायचं. कधी कधी पुस्तकापेक्षा पत्र चांगलं असायचं.

प्रती दोन. ‘अभिप्रायासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात’ ही मराठी वर्तमानपत्रांची आणि मासिकांची जुनी रीत. एक परीक्षण लिहिणाऱ्याला, एक कार्यालयाला. परीक्षण लिहिणारे म्हणजे बहुधा निवृत्त प्राध्यापक. त्यांना मानधनाचा चेक इतका किरकोळ जायचा की पुस्तक ठेवून घ्यायची मुभा हाच खरा मोबदला होता. कार्यालयाची प्रत कार्यालयाच्या ग्रंथालयात जायची, जोवर कार्यालयाला ग्रंथालय होतं तोवर. पुढे त्या खोलीत सर्व्हर आले आणि दुसरी प्रत बेवारस झाली. माझी चंगळ तिथून सुरू झाली.

आलेल्या पुस्तकाची वहीत नोंद करायची : नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. त्यातल्या मोजक्यांचं परीक्षण व्हायचं. थोडी जास्त ‘दखल’मध्ये जायची, म्हणजे चार-पाच ओळी. उरलेल्या सगळ्यांसाठी ‘साभार पोच’. बारीक टाइपात, पानाच्या तळाशी, वहीतलाच मजकूर जसाच्या तसा. रविवारी शेवटच्या घटकेला जाहिरात आली की पानावरून पहिलं काय उडायचं हे सांगायला नको. पण एखाद्या आठवड्यात पोच छापून आली नाही तर सोमवारी फोन यायचेच. माणूस दोन वर्षं खपून पुस्तक लिहितो, पदरचे पैसे घालून छापतो, आणि जगाकडून त्याची लेखी दखल म्हणून त्याला मिळणार असतं ते एवढंच. ते कात्रण लॅमिनेट करून घेतलेलंही मी पाहिलंय.

फुकट पुस्तकांच्या बाबतीत आमच्याहून मोठा हक्कदार म्हणजे सरकार. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते : चेन्नईचं कनेमारा, दिल्लीची पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवल्यास मूळ कायद्यात दंड आहे पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. सरकारने कायद्याने चार प्रती घ्यायच्या आणि आम्ही रीत म्हणून दोन. पूर्वी मराठीत हजार-अकराशेची आवृत्ती निघायची तेव्हा वाटण्याच्या प्रती त्यात खपून जात. आता लेखक दोनशे-तीनशे प्रती काढतो. राज्यभरातल्या आठ-दहा वर्तमानपत्रांना दोन-दोन, सरकारला चार, प्रस्तावनाकाराला, उद्घाटकाला, मेहुण्याला... लेखकाच्या घरच्यांनी हा हिशेब मांडला तर त्या दिवशी स्वयंपाक व्हायचा नाही. टपालाचा खर्च वेगळाच. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची नोंदणीकृत टपालसेवा बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला होता. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर, कर निराळा. म्हणजे माझ्या टेबलावर ‘फुकट’ येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचे पैसे कुणीतरी भरलेले होतेच, आणि बहुतेक वेळा त्या कुणाचं पेन्शन बेताचं होतं.

मला त्यातून काय मिळालं, तर पैसे वाचले हे आहेच. नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण विकत घेऊन मी जी पुस्तकं वाचली असती ती मी आधीपासूनच निवडून ठेवली होती असं मला आता वाटतं. कविता जरा कमी, कादंबऱ्या जरा जास्त, चरित्रं फक्त नावाजलेल्या माणसांची, लेखक साधारण पुण्या-मुंबईचे किंवा पुण्या-मुंबईने मान्य केलेले. प्रदर्शनात गेले की माझे पाय त्याच दोन-तीन टेबलांकडे वळायचे. स्वतःच्या पैशाने पुस्तक घेणारा माणूस स्वतःची आवड सोडून कुठे जात नाही, का जाईल? चुकलं तर तीनशे रुपये जातात. ऑफिसच्या टेबलावर मात्र माझ्या आवडीला कुणी विचारलेलंच नव्हतं. तिथे जे येईल ते येईल. शेळीपालन आलं. ज्ञानेश्वरीच्या एका अध्यायावरचं निरूपण आलं. गझलांचे संग्रह तर पावसाळ्यासारखे आले. पदोन्नतीच्या गुणांसाठी घाईने पुस्तक केलेले पीएच.डी.चे प्रबंध आले, ज्यांत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, सोडून काहीच धड नव्हतं. (आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो, त्याचा हा एक परिणाम.) गावाचा इतिहास, शाळेची शताब्दी स्मरणिका, कुणाच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ, आजीच्या नावाने काढलेलं पाककृतींचं पुस्तक. आणि आत्मचरित्रं. एसटीत, वीजमंडळात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेल्या माणसांची आत्मचरित्रं, जी कुठल्याही दुकानात मांडलेली नसतात.

त्यातलंच एक माण तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकाचं. मुखपृष्ठावर लेखकाचाच फोटो, मागे सूर्यास्त, शीर्षक सोनेरी. दुकानात मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. करी रोडला गाडीची वाट बघताना पिशवीतून ते हाताला लागलं म्हणून उघडलं. पहिली साठ पानं नातेवाइकांची. मग एकदम १९७२ चा दुष्काळ. शाळेत पोरंच येईनात, कारण आईबापांबरोबर सगळी पाझर तलावाच्या कामावर. मास्तरांनी शाळाच तिकडे नेली. खडीच्या ढिगाशेजारी फळा टेकवून पाढे म्हणून घेतले. दुपारी मुलांना सुकडी मिळायची, आणि ती मिळण्याआधी कुणाचं लक्ष पाढ्यांत नसायचं, हेही त्यांनी लिहिलं होतं. रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, मिलो, तिच्या भाकरीचं वर्णन पाऊण पान होतं. भाकरी थापताना कशी फाटायची, रंग कसा यायचा, म्हाताऱ्या माणसांना ती कशी गिळवत नसे. एका मजुराच्या हजेरीवरून मुकादमाशी झालेलं भांडण. आठवड्याचा पगार वाटायच्या दिवशी कामावरच भरणारा बाजार.

रोजगार हमीवर मी त्याआधी लेख संपादित केले होते. राज्याचा कायदा १९७७ चा, तो या दुष्काळातल्या कामांतून उभा राहिला, आणि २००५ चा देशाचा कायदा करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता, ही वाक्यं मी कितीदा तरी तपासून पुढे सोडली असतील. पण त्या कामावर फळा होता हे मला ठाऊक नव्हतं. दादर कधी गेलं कळलं नाही. डोंबिवली स्लोमध्ये उभ्याने, समोरच्या बाईच्या भाजीच्या पिशवीवर पुस्तक टेकवून मी ते प्रकरण संपवलं. त्या बाईने उतरताना विचारलं, ‘‘परीक्षा आहे का तुमची?’’

भाषा अघळपघळ होती, शुद्धलेखनाची दैना होती. परीक्षणाला दिलं असतं तर प्राध्यापक महाशयांनी ‘संपादनाचे संस्कार हवे होते’ या वाक्याने मोडीत काढलं असतं. वाक्य खरंही होतं. मी ‘दखल’मध्ये चार ओळी लिहिल्या आणि चौथ्या ओळीत दुष्काळाच्या प्रकरणाचा पृष्ठक्रमांक दिला. जागा तेवढीच होती.

आमचं ऑफिस परळच्या गिरणीच्या जागेवर. खिडकीतून गिरणीची एक चिमणी दिसायची, जतन केलेली म्हणे. वर्षानुवर्षं तिच्याकडे बघून आम्ही चहा प्यायलो. ती कोणत्या खात्याच्या बाजूला होती, पाळी सुटताना माणसं कोणत्या फाटकाने बाहेर पडायची, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर त्याच फाटकासमोर कोण बसायचं, हे मला कळलं एका गिरणी कामगाराने स्वतः छापलेल्या पातळ पुस्तिकेतून. तीही अभिप्रायार्थ आलेली. तिची तर पोचसुद्धा कित्येक आठवडे लांबली.

घरी मात्र या पुस्तकांचा खरा मालक वेगळाच होता. माझ्या सासूबाई. शिक्षण चौथीपर्यंत, माहेर रत्नागिरीकडचं, वाचनाचा वेग मला लाजवणारा. मी दारात चपला काढते न काढते तोच, ‘‘आज काय आणलंस गं?’’ पिशवी त्याच रिकामी करायच्या. दुपारी जेवणं आटोपली की खिडकीशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मुद्रकाचं नाव, सगळं. त्यांना परीक्षण, दखल, पोच या उतरंडीशी काही कर्तव्य नव्हतं. नामवंत कादंबरीकाराला त्या ‘‘फार लांबण लावतो’’ म्हणून बाजूला ठेवायच्या आणि शेळीपालन दोनदा वाचायच्या. मी म्हटलं, ‘‘आई, आपण डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून काय शेळीबद्दल वाचायचं नाही?’’

आणि वाचून झालं की त्या लेखकाला पत्र लिहायच्या. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात लेखकाचा पत्ता असतोच, बहुतेकदा पिनकोडसकट. ‘तुमचे पुस्तक वाचले. पान ११२ वर तुमची बहीण वारली तेथे मला फार वाईट वाटले. पुढे तिच्या मुलांचे काय झाले ते लिहिलेले नाही.’ एवढंच. खाली नाव, आणि कंसात ‘वय ७४’. माणच्या मास्तरांनाही गेलं होतं. मिलोची भाकरी आम्हीही खाल्ली, पण आमच्याकडे ती अशी लागायची, म्हणून सहा ओळी चवीबद्दल. मास्तरांचं उत्तर आलं ते चार फुलस्केप कागदांचं.

पाककृतींच्या पुस्तकाचं तर त्यांनी शुद्धिपत्रच करून पाठवलं. एका घराण्याचा कुलवृत्तांत आला, जाडजूड, पुठ्ठा बांधणीचा, घडीच्या वंशावळींसकट. तो नेमका त्यांच्या माहेरच्या आडनावाचा निघाला. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आपली शाखा सापडली, आजोबा सापडले, काका सापडले, पण आत्या नाही. बालविधवा, जन्मभर माहेरी राहिलेली, जिने या सगळ्यांना वाढवलं ती आत्या वंशवृक्षात कुठेच नव्हती. सासरच्या वंशावळीत तिला जागा नसणार हे तर उघडच. पोस्टकार्ड पुरलं नाही, आंतरदेशीय पत्र आणावं लागलं. संपादक मंडळाने ‘पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू’ असं कळवलं. ‘‘पुढची आवृत्ती निघेपर्यंत मी थांबते होय!’’ असं म्हणून आईंनी त्या पानावर स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने आत्या लिहून टाकली, बारीक अक्षरात, एक रेघ ओढून.

परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकावर असं काही लिहिता येतं का, हा प्रश्न मला पडला होता. विचारायची छाती झाली नाही.

फुकट पुस्तकाचा जाच नव्हता असं नाही. ‘सप्रेम भेट’ म्हणून सही करून दिलेलं पुस्तक हे प्रेम असतं तसं मागणंही असतं. ओळखीतली कवयित्री भेटली की तिची नजर आधी माझ्याकडे, मग ‘वाचलंस?’ या प्रश्नाकडे. काही जण स्वतःच लिहिलेलं परीक्षण सोबत जोडायचे, खाली दुसऱ्याचं नाव घालून, ‘आपला वेळ वाचावा म्हणून’. एकाने फोनवर सुचवलं होतं की परीक्षणात दोष दाखवायला हरकत नाही, पण शेवटच्या परिच्छेदात नको. हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे आमची कितीतरी परीक्षणं नेमकी तशीच असतात हे लक्षात येऊ लागलं : दोष मधे, कौतुक शेवटी, आणि ‘पुस्तक वाचकांच्या पसंतीस उतरेल’ हे कायमचं शेपूट. दोन प्रती फुकट घेतल्यावर माणूस किती कडू बोलणार? पैसे मोजून पुस्तक घेतलेला वाचक जेवढा मोकळा असतो तेवढी मी त्या नोकरीत कधीच नव्हते.

आणि जागा. वन बीएचकेमध्ये पुस्तकं ठेवायची म्हणजे माळा, मग पलंगाखाली, मग नवऱ्याच्या कपाटात, मग कुरबूर. डोंबिवलीत पुस्तकांची अदलाबदल करायचे मोठे सोहळे भरतात, तिथे बरीच गेली. गावाकडच्या एका ग्रंथालयाला खोकी पाठवायची ठरवली तर तिथल्या ग्रंथपालांनी फार सौजन्याने विचारलं, ‘‘ताई, यादी आधी पाठवाल का? आम्ही निवडतो.’’ बरोबरच होतं त्यांचं. राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत, पण गझलांना त्यांच्याकडेही जागा मोजकीच.

रद्दीत टाकताना सहीचं पान फाडायचं असतं, हा ऑफिसातला अलिखित नियम. माटुंग्याच्या फुटपाथवर आमचा ‘अभिप्रायार्थ’ शिक्का मी अनेकदा पाहिलाय, आणि फाडायला विसरलेल्या सह्याही. ‘आदरणीय ----- यांना, आपल्या मार्गदर्शनाच्या अपेक्षेत’. आदरणीय तेव्हा तीन टेबलं पलीकडे बसायचे. मी ते पुस्तक तीस रुपयांना विकत घेतलं. आमच्याच ऑफिसातलं फुकट आलेलं पुस्तक पैसे देऊन घरी नेण्याचा मान मला मिळाला आहे, त्याची नोंद असावी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मुंबईत काही काळ पेपरचं घरोघर वाटपच थांबलं. पुरवणीची पानं घटली ती घटलीच. पुस्तकं पीडीएफने यायला लागली. पीडीएफ फुकट असते, अगदी खरी फुकट, लेखकाला टपालाचाही खर्च नाही. म्हणूनच बहुधा ती कुणी उघडत नसे. सोनेरी अक्षरांचं मुखपृष्ठ स्टेशनवर पिशवीत हाताला लागतं, मेलमधली फाइल लागत नाही. पुढे डेस्कच लहान झालं आणि मी बाहेर पडले.

आता मी पुस्तकं विकत घेते. दोनशे पानांचं मराठी पुस्तक तीनशेच्या घरात जातं, मग मी विचार करून घेते, परीक्षणं वाचून घेते, ओळखीच्यांना विचारून घेते. घेतलेली बहुतेक चांगली निघतात. शेल्फ नीटनेटकं झालंय. त्यावरची सगळी माणसं एकमेकांना ओळखत असावीत इतकी एकसारखी आहेत. आई त्यातलं एखादं हातात घेतात, दोन दिवसांनी ठेवून देतात. ‘‘याच्यात पत्ता नाही गं कुठे,’’ अशी त्यांची तक्रार. मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकात लेखकाचा पत्ता कुठून असणार! फार तर मेल आयडी.

मी नोकरी सोडल्याचं सगळ्यांना कळलेलं नाही. काही लेखकांच्या वहीत माझा घरचा पत्ता आहे, त्यामुळे अधूनमधून सुतळी बांधलेलं पाकीट अजून येतं. मागच्या महिन्यात जालन्याच्या एका कवींचं आलं, दोन प्रती. मी फोन करून सांगितलं की मी आता तिथे नाही, परीक्षण सोडाच, पोचही छापून आणू शकणार नाही, प्रती परत पाठवते.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘‘परत कशाला, मॅडम? एक तुम्ही ठेवा. अन् दुसरी आजींना द्या. मागच्या संग्रहाला त्यांचं कार्ड आलं होतं, तीन कविता कळल्या नाहीत म्हणून. ह्या वेळी जरा सोप्या लिहिल्यात, सांगा त्यांना.’’